कल्पनेचं साचेखातं

समीक्षक म्हणतात, तुमचं लिखाण म्हणजे अनुभव, राजकारण, कल्पना आमच्याकडं. ही वाटणी ओळखीची आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्याला रिंगखातं होतं, साचेखात्याला मात्र बंदी. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. आपली थुंकी सुताला लागली की सवर्ण साचेवाला बाटणार! मग मजूर एक, मजूर एक कशाला ओरडायचं? १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल केला.

तसंच हे साहित्याचं साचेखातं. बाबुराव बागुलांनी १९६३ साली कथासंग्रहाला नाव दिलं 'जेव्हा मी जात चोरली होती'. ज्याचं सगळं लुटलं, तोच चोर! हे अर्जात, फिर्यादीत मावत नाही. त्याला कल्पनाच लागते. अन् ती सुचते, कारण भाड्याची खोली जात विचारून मिळते. आता यातलं राजकारण वेगळं काढून दाखवा की, पंडितहो!

आणि आपलेच काही कार्यकर्ते? 'मोर्चात चालत नाही ती कविता कशाला?' अरे, तुम्हीही आम्हाला रिंगखात्यातच उभं करताय. पाळी सुटल्यावर मी घोषणा लिहीन, चंद्रावरही लिहीन. कुणाच्या बापाला विचारणार नाही.