मागाहूनच्या मागण्या

आमच्या कुरुळीच्या घरांत चूल एकच आहे, त्यामुळें खर्चाची वहीही एकच. गुढीपाडव्यास वडील मंडळी एकत्र बसून वर्षाच्या खर्चाचा अजमास बांधतात. मध्येंच कोणास अधिक पैसे लागले, तर मागण्यास मनाई नाहीं. मात्र तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. नवी गरज कोणती? ती पाडव्यास कां दिसली नाहीं? आणि तिच्यासाठीं दुसरा कोणता खर्च आवरावयाचा? परवां धाकट्या सूनबाईंनीं वही मिटतां मिटतां विचारलें, "मामंजी, सरकारलाही हे तीन प्रश्न कोणी विचारतें काय?" प्रश्न मार्मिक होता; म्हणून या महिन्यांत तोच विषय घेतला आहे.

राज्यघटनेनें याची व्यवस्था केलेली आहे. विधिमंडळाच्या संमतीवांचून सरकारास तिजोरींतून पैसा खर्च करतां येत नाहीं. वर्षाच्या मध्यें मंजूर रक्कम अपुरी पडली, किंवा अंदाजपत्रकांत नसलेलें नवें काम निघालें, तर कलम २०५ अन्वयें सभागृहापुढें पुरवणी मागणी मांडावी लागते. अतिवृष्टीनें पूल वाहून गेला, पीक बुडालें, तर पाडव्याच्या अजमासाकडे बोट दाखवून कोणी स्वस्थ बसूं शकत नाहीं. तेव्हां हा मार्ग अवश्य पाहिजे. परंतु अडचणीसाठीं ठेवलेली वाट नित्याची झाली, कीं मूळ अंदाजपत्रकाची किंमत उतरते.

हा मंजुरीचा अधिकार आपणांस सहजासहजीं मिळालेला नाहीं. १९०२ सालीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलांत अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. सरकार वर्षामागून वर्ष शिल्लक दाखवीत होतें, आणि इकडे रयत दुष्काळानें व प्लेगनें खंगली होती. ही शिल्लक भरभराटीची खूण नसून जादा कराची आहे, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून सिद्ध केलें. पण भाषणापलीकडे त्यांच्या हातीं कांहीं नव्हतें. अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकारच त्या कौन्सिलास नव्हता. आज आपल्या प्रतिनिधींस तो आहे. तो वापरण्यास त्यांस अवसर किती मिळतो, एवढेंच पाहावयाचें.

एकच उदाहरण घेऊं. २८ जून २०२४ रोजीं मुंबईस राज्याचें अंदाजपत्रक मांडलें गेलें. एकूण खर्च सुमारें ६ लाख १२ हजार कोटि रुपये. त्यानंतर अकराच दिवसांनीं, ९ जुलैस, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. म्हणजे मूळ खर्चाच्या सुमारें साडेपंधरा टक्के. त्यांत २५,००० कोटि 'लाडकी बहीण' योजनेसाठीं होते, आणि ती योजना तर २८ जूनच्याच भाषणांत जाहीर झालेली होती. १२ जुलैस अधिवेशन संपलें. योजनेच्या बरेवाईटपणाचा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. दरमहा १,५०० रुपये हातीं येणें गरजू बाईस काय वाटतें, हें आम्ही जाणतों. परंतु आमच्या घरचा दुसरा प्रश्न येथें उभा राहतोच: जी गरज जूनच्या अखेरीस माहीत होती, तिचा आंकडा मूळ वहींत कां नसावा? आणि एवढी रक्कम तीन-चार दिवसांत कोण कशी पारखणार?

खर्च झाल्यावर महालेखापरीक्षक तपासणी करतात, आणि त्यांचा अहवाल लोकलेखा समितीपुढें जातो. मूळची तरतूद शिल्लक असतांनाच पुरवणी रक्कम घेतल्याचे दोष अशा अहवालांत अनेकदां दाखविलेले असतात. पण ती झाली मागाहूनची परीक्षा. दूध उतूं गेल्यावर चूल विझविण्यासारखी.

मग गृहस्थानें काय करावें? आपल्या आमदारांस हे तीन प्रश्न पत्रानें विचारावेत. आणि आरंभ गांवापासून करावा. वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढें पंचायतीनें मागील वर्षाचा जमाखर्च ठेवावा, असें कायदाच सांगतो. सूनबाईंस मीं सांगितलें आहे, "येत्या ग्रामसभेस तुम्ही चला, प्रश्न तुम्हींच विचारावयाचे." वही घरची असो वा राज्याची, ती वाचणारे डोळे असले, म्हणजे लिहिणारा हात जपून चालतो.