‘निधी उपलब्ध झाल्यास’

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना १९५४-५५ पासून चालत आली आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलामुलींना परदेशात पदव्युत्तर शिक्षण घेता यावे हा तिचा हेतू. एवढ्या विशाल देशासाठी तिच्या जागा अवघ्या १२५. जुलै २०२५ मध्ये या योजनेखाली १०६ उमेदवारांची निवड जाहीर झाली. पण शिष्यवृत्तीची तात्पुरती पत्रे मिळाली ती त्यांपैकी केवळ ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे देण्यात येतील, असे कळविण्यात आले.

वरवर पाहता ही नेहमीची सरकारी दिरंगाई वाटेल. वस्तुतः तिच्या पोटात वर्गीय प्रश्न आहे. परदेशी विद्यापीठांची सत्रे बहुधा सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. प्रवेश पक्का करण्यासाठी अनेक ठिकाणी त्याआधी अनामत भरावी लागते, आणि खर्चाची तरतूद दाखविल्याखेरीज व्हिसा मिळत नाही. सधन घरातील विद्यार्थी अशा वेळी वडिलांचे बँकखाते पुढे करतो, घर गहाण टाकून कर्ज उचलतो. शेतमजुराच्या मुलीपाशी दाखविण्याजोगे एकच तारण असते, ते म्हणजे सरकारचे पत्र. त्या पत्रालाच ‘झाल्यास’ हा शब्द चिकटला की वकिलातीच्या लेखी त्याची किंमत शून्य होते. पैसा पुढे कधी आलाच, तरी तोवर वर्ग सुरू झालेले असतात आणि वर्ष वाया गेलेले असते. श्रीमंताला जो विलंब गैरसोयीचा वाटतो, तोच गरिबाच्या बाबतीत नकार ठरतो.

या नकाराची किंमत काय असते, हे महाराष्ट्राला ठाऊक असायला हवे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ही कथा राजाच्या औदार्याची म्हणून नेहमी सांगितली जाते. तिच्या उत्तरार्धाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तेथे जातीमुळे राहायला जागासुद्धा मिळाली नाही. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसा साठवून, राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांच्या साहाय्याने ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले. अशा पुरुषाचीही तीन वर्षे पैशाअभावी गेली. ज्यांना शाहू भेटत नाहीत, त्यांच्या वाट्याला दुसरी संधी येतच नाही. म्हणूनच संस्थानिकाच्या मर्जीच्या जागी प्रजासत्ताकाचा हक्क यायला हवा होता. हक्क हा शिलकेवर अवलंबून ठेवता येत नाही.

पैशाइतकाच प्रश्न विचारस्वातंत्र्याचा आहे. २०२२ च्या नियमावलीत केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. असे विषय देशातच शिकता येतात, हे त्यामागचे समर्थन. ९ मे १९१६ रोजी कोलंबियातील एका परिसंवादात आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचला होता. त्याच विषयावर संशोधन करू पाहणारा दलित विद्यार्थी या नियमाने अपात्र ठरला. स्वतःच्या पैशाने जाणाऱ्याला कोणताही विषय खुला. सरकारी आधारावर जाणाऱ्याने मात्र ज्या समाजरचनेने आपल्याला खाली ठेवले तिचीच चिकित्सा करावयाची नाही! अशा मदतीला शिक्षणाचा अधिकार म्हणता येत नाही.

समाजवादी वर्तुळातूनही एक आक्षेप घेतला जातो. खेड्यातील शाळांना धड छप्पर नसताना मूठभरांच्या परदेशवारीवर खर्च का करावा? आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु त्याचा रोख चुकतो. प्राथमिक शाळेचा हक्क आणि उच्च शिक्षणाचा हक्क यांना परस्परांसमोर उभे करणे प्रस्थापितांच्या सोयीचे असते. कारण त्यांची मुले दोन्ही विकत घेऊ शकतात. अर्थशास्त्र, कायदा, विज्ञान यांतील सर्वोच्च ज्ञान एकाच वर्गाच्या हाती राहिले, तर गावच्या शाळेला किती पैसा द्यावयाचा हेदेखील तोच वर्ग ठरवीत राहील.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. जितक्या जागा जाहीर होतील तितक्यांच्या पूर्ण खर्चाची तरतूद निवडीपूर्वी अर्थसंकल्पात व्हावी. निवड आणि बिनशर्त पत्र एकाच दिवशी द्यावे, आणि तेही सत्र सुरू होण्याच्या पुरेसे अगोदर. विषयांवरील बंदी कोणत्याही नियमावलीत असू नये. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीलाही हीच कसोटी लावावी.

कार्यकर्त्यांचे काम मात्र मागणीपाशी संपत नाही. अर्जाचे शुल्क, इंग्रजीची परीक्षा, उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र या प्रत्येक पायरीवर तालुक्यातील हुशार मुले गळतात, आणि त्यांची मोजदाद कोणत्याच यादीत होत नाही. त्या ६६ जणांची निदान संख्या तरी देशाला कळली. निवडीच्या यादीपर्यंत पोहोचूच न शकलेल्यांना शोधून त्यांच्यासोबत कचेरीची पायरी चढणे, हे पक्षाच्या प्रत्येक तालुका शाखेचे काम आहे.