किल्ली कुणाकुणाकडे?

'बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी...' पुण्यातल्या कुठल्याही पेपरचं क्राइमचं पान उघडा, हे वाक्य सापडणारच. मास कॉमनंतर क्राइम बीटवर इंटर्नशिप करताना मी ते इतक्या वेळा टाइप केलंय की 'कडी' लिहिलं की बोटं आपोआप 'कोयंड्या'कडे वळायची. पण बॉस, या वाक्यात एक गंमत आहे. त्यात कुलूप कुठेच नाही! कुलूप बिचारं शाबूत असतं. अनेकदा कोयंड्यासकट जमिनीवर पडलेलं, बंदच्या बंद.

आपण दुकानात सहा लिव्हर घ्यावं की आठ, यावर अर्धा तास डोकं खपवतो आणि ते कुलूप अडकवतो अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर. चोराला लिव्हरशी काय देणंघेणं? तो पहार घालतो ती दार आणि चौकटीच्या फटीत.

पिनने कुलूप उघडणं वगैरे सिनेमात ठीक आहे. १८५१ मध्ये लंडनला ग्रेट एक्झिबिशन भरलं होतं, तेव्हा आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने तिथलं नावाजलेलं ब्रामाचं कुलूप उघडून दाखवलं. त्याला लागले एक्कावन्न तास, तेही सोळा दिवसांत मिळून. आपल्या वन बीएचकेतल्या लॅपटॉपसाठी एवढा पेशन्स कोण दाखवणार?

त्यामुळे अपग्रेडची सुरुवात कुलपापासून करू नका, चौकटीपासून करा. लॅचची जीभ चौकटीत जिथे शिरते तिथे एक पत्र्याची पट्टी असते. तिचे स्क्रू एकदा काढून बघाच. लाकडी चौकट असेल तर तिथे जाड पट्टी आणि दोन-अडीच इंचांचे स्क्रू बसवून घ्या. बाहेरून कडी-कुलूप लावत असाल तर कोयंडा स्क्रूवर नको, दारातून आरपार जाणाऱ्या नट-बोल्टवर हवा, आणि नट आतल्या बाजूला. सेफ्टी डोअरच्या जाळीतून हात घालून आतली कडी निघते का, हे स्वतःच ट्राय करा. ते दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागऱ्याही बाहेर येतात, त्यांच्या पिना ठोकून निघत नाहीत ना, तेही बघा. सुताराचं तासाभराचं काम. खर्च मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नइतका म्हणणार नाही, पण वीकेंडच्या एका आउटिंगइतका धरा.

हा झाला दार फोडून येणाऱ्याचा बंदोबस्त. पण आपल्यासारख्या दर अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्या जनतेला खरं टेन्शन दुसऱ्याचंच असायला हवं. जो काहीच फोडत नाही त्याचं. ज्याच्याकडे किल्ली असते.

वाकडच्या फ्लॅटमध्ये राहायला जाऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. रविवारची दुपार. मी किचनमध्ये, केस ओले, कुकर लावलेला. लॅच फिरल्याचा आवाज आला. रूममेट तर गावी गेलेली! बाहेर येऊन बघते तर हॉलमध्ये एक मुलगा उभा. तो माझ्याइतकाच दचकला. आधीचा भाडेकरू होता, माळ्यावर राहिलेला टेबल फॅन न्यायला आलेला. 'सॉरी सॉरी, मला वाटलं अजून कुणी आलं नसेल.' अगदी सभ्य मुलगा होता हो. फॅन घेतला, किल्ली शू-रॅकवर ठेवली आणि गेला. मी मात्र कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे न मोजता तिथेच उभी होते. एक किल्ली परत आली. बाकीच्या?

मग मी यादी केली. ओनरकाका, ब्रोकर, रंगारी, आधीच्या तिघांच्या तीन, त्यांच्या कामवाल्या मावशी. शिवाय कोपऱ्यावरचा किल्लीवाला, जो दहा मिनिटांत जशीच्या तशी किल्ली काढून देतो आणि कुणाची म्हणून विचारत नाही. मला घर मिळताना माझं पोलिस व्हेरिफिकेशन झालं. आधार, फोटो, गावचा पत्ता, सगळं. त्या किल्ल्यांचं व्हेरिफिकेशन कोण करणार?

यावर उपाय पूर्ण लॉक बदलणं, असं आपल्याला वाटतं. तसं दरवेळी नसतं. दाराला हँडल आणि त्याखाली किल्लीचं भोक अशी रचना असेल, तर बहुधा आत सिलिंडर असतो आणि बदलायचा तेवढाच. दाराच्या कडेला, सिलिंडरच्या रेषेत, एक लांब स्क्रू दिसेल. तो काढायचा, किल्ली घालून किंचित फिरवायची आणि ओढायचं. सिलिंडर हातात येतो. तो सोबत घेऊनच रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जा, कारण लांबीवर सगळा खेळ आहे. स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजतात. तीस-तीस म्हणजे साठचा, पस्तीस-पस्तीस म्हणजे सत्तरचा. 'थोडा मोठा चालेल' असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. प्लेटच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावणारा सिलिंडर पकडीत धरून मोडता येतो, कारण स्क्रूच्या भोकापाशी तो सगळ्यात बारीक असतो.

आणि प्लीज, बाहेरून किल्ली, आतून नॉब असाच घ्या. दोन्हीकडून किल्लीचा भारी वाटतो, पण रात्री आग लागली आणि किल्ली पर्समध्ये, पर्स बेडरूममध्ये, तर? आतून बाहेर पडायला किल्ली लागता कामा नये.

जुन्या सोसायट्यांत दाराला आतून ठोकलेला डबा-टाइप लॅच असतो. तिथे आख्खा लॅचच बदलावा लागतो. साधा नाइट लॅच असेल तर सकाळी बस पकडायच्या घाईत दार धाडकन ओढून पळू नका. नुसतं ओढलं की दार एका तिरक्या जिभेवर अडकतं, आणि ती जीभ कडक प्लास्टिकचं कार्ड सरकवूनही मागे जाऊ शकते. बाहेरून किल्ली फिरवली की दांडा पुढे येतो असा लॅच घ्या, आणि ती फिरवत चला.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहितीये. डिजिटल लॉक! बोटाचा ठसा, पिन, कार्ड, मोबाइल. मला त्यातली एकच गोष्ट खरंच आवडते, मावशींना वेगळा पिन देता येतो आणि त्यांनी काम सोडलं की तो पुसता येतो. किल्ली अशी पुसता येत नाही. पण फॅक्टरीतून आलेला पिन पहिल्याच दिवशी बदला, बॅटरी संपत आल्याचा बीप ऐकू आला की 'उद्या बघू' करू नका, आणि इमर्जन्सीची किल्ली घरातच ठेवू नका. भाड्याच्या घरात मात्र दाराला नवी भोकं पाडावी लागतात, त्यामुळे ओनरची परवानगी लागणारच.

ओनरला तर सिलिंडरसाठीही विचारा. मी आधी मेसेज केला. काकांचा लगेच फोन, 'एक किल्ली मला पाहिजे हं, घर माझं आहे.' मी म्हटलं, 'काका, घर तुमचंच, पण आत आम्ही दोन मुली राहतो.' पलीकडे जरा शांतता. शेवटी ठरलं असं: एक किल्ली पाकिटात बंद करून, चिकटवलेल्या जागेवर माझी सही करून त्यांच्याकडे. पाकीट फोडायचं ते फक्त पाणी-गॅसची इमर्जन्सी असेल तर, आणि आधी फोन करून. काकूंनी ते देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय असं कळलं. दुसरी किल्ली समोरच्या आजींकडे आहे, त्या दुपारी घरी असतात. उरलेल्या दोन आमच्या दोघींकडे. कुठल्याच किल्लीवर फ्लॅट नंबरचा टॅग नाही.

जुना सिलिंडर फेकला नाही. किल्लीसकट पिशवीत घालून माळ्यावर ठेवलाय. घर सोडताना तो परत बसवायचा, नवा सोबत न्यायचा. लांबी जुळली तर पुढच्या दाराला चालेल. फक्त इथे येणाऱ्या नव्या भाडेकरूला सांगून जाईन, की आल्याआल्या आधी सिलिंडर बदल, पडदे नंतर लाव.