संगमरवरावरील जकात : कोणाच्या लाभाची?

गेल्या महिन्यात जळगावात एका जुन्या विद्यार्थ्याच्या वास्तुशांतीस जाण्याचा योग आला. दिवाणखान्यातील फरशी दाखवीत तो अभिमानाने म्हणाला, "सर, हा इटालियन आहे." मागील खोलीचे घासकाम अद्याप संपले नव्हते. यंत्र धरून बसलेला तरुण धुळ्याकडचा होता. मधल्या भागावर पाणी सोडून तो घाशीत होता. भिंतीलगतच्या कडा मात्र हातयंत्राने कोरड्याच चालल्या होत्या आणि नाकाला रुमालाखेरीज काही नव्हते. जेवताना यजमानांनी दगडाचा भाव सांगितला, त्यावरील जकातीविषयी तक्रारही केली. घासकामाचा दर मात्र त्यांना सांगता येईना. तो ठेकेदाराला ठाऊक!

हा प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु दगडावरील आयात जकातीचा आपला सारा व्यवहार याच रीतीने चालत आला आहे.

१९७५ च्या सीमाशुल्क दरपत्रक अधिनियमातील कोष्टकाची १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार फेररचना झाली. त्यातील २५१५ या शीर्षकाखाली संगमरवर, ट्रॅव्हर्टाइन व अडीच किंवा त्याहून अधिक सापेक्ष घनतेचे चुनखडीयुक्त बांधकामाचे दगड येतात. मात्र ते ओबडधोबड, किंवा नुसते चिरून चौकोनी केलेले असावेत. त्यांना घासून झिलई दिली की ते ६८०२ मध्ये जातात. ग्रॅनाइट व आपल्या सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला काळा पाषाण २५१६ मध्ये. त्याचीच खडी केली की २५१७. म्हणजे दगड कोणता आणि त्यावर काम किती झाले, हे दोनच प्रश्न कोष्टक विचारते. काम कोणी केले व काय सोसून केले, हे विचारण्याची सोय त्यात नाही.

पहिल्या प्रश्नावरून केवढे रण माजू शकते, याचा दाखला मुंबईच्याच बंदराने दिला आहे. अकबर बद्रुद्दीन जिवानी यांनी आणलेल्या लाद्या सीमाशुल्क खात्याच्या मते संगमरवर होत्या, आणि संगमरवराच्या आयातीवर तेव्हा निर्बंध होता. आयातदाराचे म्हणणे असे की, हा निराळा चुनखडीयुक्त दगड आहे. बाजारात ज्याला संगमरवर म्हणतात तो संगमरवर, ही खात्याची भूमिका. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ती अमान्य केली: कोष्टकाची भाषाच जेथे शास्त्रीय आहे, तेथे बाजारातील नावाला महत्त्व देता येत नाही. निर्णय तर्काला धरून आहे. भूशास्त्राच्या कसोटीने 'इटालियन मार्बल' म्हणून विकला जाणारा बराचसा माल, उदाहरणार्थ बोत्तिचीनो, वस्तुतः चुनखडकच असतो. माझ्या विद्यार्थ्याला हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. ठोकळा चिरून लाद्या काढणे हे 'उत्पादन' नव्हे, असे अमन मार्बल प्रकरणात २००३ मध्ये ठरले. परिणामी अबकारी कर लागला नाही. ठोकळ्यापासून झिलईदार लाद्या करणे हे 'उत्पादन' होय, असे अरिहंत टाइल्स प्रकरणात २००९ मध्ये ठरले. परिणामी प्राप्तिकरात सवलत मिळाली. अधिनियम निराळे असल्याने कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही, असे वकील मंडळी सांगतील, आणि ते बरोबरच असेल. तथापि करवत चालविणाऱ्याचे श्रम दोन्ही वेळा जमेस धरले गेले ते मालकाच्या कराच्या हिशेबापुरतेच.

चाळीसगावनजीकच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या प्रारंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापिलेल्या मठाची नोंद आहे. त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त विटा व दगड रचणे, खोदणे आणि करवतणे यांचा मोबदला पदार्थाच्या मृदुकठिणतेनुसार व कारागिरांच्या संमतीने ठरावा, असे सांगितले आहे. आमच्या आधुनिक कोष्टकाने घनता घेतली आणि संमती वगळली.

आता धोरणाकडे वळू. अनेक वर्षे संगमरवराचे ठोकळे आणण्यास परवाना लागे. त्याचा लाभ मूठभर परवानाधारकांना झाला. १ ऑक्टोबर २०१६ पासून परवाना गेला. ठोकळ्यांची किमान आयात किंमत टनाला ३२५ डॉलरवरून २०० डॉलरवर आली व जकात १० टक्क्यांवरून ४० टक्के झाली. लाद्यांवरील जकात मात्र १० वरून २० टक्केच! कच्च्या मालावर कमी व पक्क्यावर अधिक, हा संरक्षक जकातीचा पहिला पाठ प्रस्तुत लेखकाने तीस वर्षे वर्गात शिकविला. येथे तो उलटा लिहिला गेला. किमान किंमत ठोकळ्यास टनावर आणि लादीस चौरस मीटरवर असल्याने नुसत्या टक्केवारीवरून खरा भार काढता येत नाही, हे मान्य. तरीही देशातील चिराईच्या कामाचे रक्षण कच्च्या दगडाहून कमी महत्त्वाचे मानले गेले, हे नाकारता येणार नाही. २०१९ च्या अर्थसंकल्पात लाद्यांवरही ४० टक्के झाले. २०२५ मध्ये या ४० चे २० टक्के मूळ शुल्क व २० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर असे तुकडे पाडण्यात आले. संगमरवरावर शेतीच्या नावाचा उपकर! कापूस पिकविणाऱ्या खानदेशाने यातील विनोद जरूर अनुभवावा. उपकर राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही, हे त्यातील मर्म.

खानदेशाच्या वाट्याला या व्यापारातील अखेरचे काम येते: फरशी बसविणे व घासणे. ज्या काळ्या पाषाणातून बळसाण्याची मंदिरे उभी राहिली, तो आता प्रामुख्याने खडी म्हणून विकला जातो आणि वडार समाजातील अनेकांच्या हाती टाकीऐवजी घमेले आले आहे. संगमरवराच्या धुळीत सिलिका अल्प असते. परंतु तोच घासकामगार उद्या ग्रॅनाइट घासतो, परवा स्वयंपाकघरातील ओट्यासाठी कृत्रिम क्वार्ट्झ कापतो, आणि त्या क्वार्ट्झमध्ये सिलिका ९० टक्क्यांहूनही अधिक असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड तयार करणे, कापणे व बसविणे यांवर बंदी घातली. आपल्या कोष्टकात तो ६८१० या शीर्षकाखाली सिमेंटच्या वस्तूंशेजारी निश्चिंत पडून आहे.

सिलिकोसिसची नोंद १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती; पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असतील तरच तो लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेने ती मर्यादा २० केली. अर्धवट बांधलेल्या घरात एकटा बसून कडा घासणारा पूर्वीही कारखान्यात नव्हता; आता तो त्यापासून आणखी दूर गेला. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी धोरण आखून तपासणी, प्रमाणपत्र व आर्थिक साह्य यांची व्यवस्था केली. महाराष्ट्राने निदान तेवढे करावे. दगडावर उपकर घ्यावयाचाच असेल, तर त्याचा ठरावीक हिस्सा दगडकामगारांसाठी कायद्याने राखून ठेवावा. आणि त्याची वाट न पाहता धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत छातीच्या रोग्याचा केसपेपर काढताना नावाखाली एक रकाना वाढवावा: काम कोणते करता, आणि किती वर्षे.