मोबाइल काढून घेण्याआधी

जुलै २०१७ च्या अखेरीस अंधेरीतील एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलाने आत्महत्या केली. ‘ब्लू व्हेल’ नावाच्या इंटरनेटवरील खेळाने त्याचा बळी घेतला, अशी बातमी दोन दिवसांत घरोघरी पोहोचली. विधानसभेत विषय निघाला. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सअॅप आदी कंपन्यांना या खेळाचे दुवे काढून टाकण्यास सांगितले. मात्र जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारनेच लोकसभेत स्पष्ट केले की, चौकशी झालेल्या एकाही घटनेत या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही.

मग इंटरनेट निर्दोष आहे काय? मुळीच नाही. त्याच २०१७ साली लंडनमध्ये चौदा वर्षांच्याच एका मुलीने असाच शेवट करून घेतला. मुंबईतही पूर्वी कोरोनर असत, तशा तिथल्या कोरोनरने २०२२ मध्ये निष्कर्ष दिला की, नैराश्याबरोबरच इंटरनेटवरील मजकुराचे दुष्परिणामही या मृत्यूस कारणीभूत होते. तिला कोणी खेळाची आव्हाने दिली नव्हती. ती निराशेचा मजकूर पाहत होती, आणि यंत्र तसलाच आणखी मजकूर तिच्यापुढे वाढत होते.

खरा धोका हा आहे. तो राक्षसाच्या रूपात येत नाही, तर मायेच्या आवाजात येतो. इंटरनेटवर असे काही गट आहेत, जिथे जगण्याला कंटाळलेली माणसे एकत्र जमतात. ‘तुझे दुःख आम्हालाच कळते’ हे पहिले वाक्य. त्याने बरे वाटते. मग घरच्यांविषयी, डॉक्टरांविषयी अविश्वास पेरला जातो. मरणाचा विचार हाच शहाणपणा ठरतो. बुडणाऱ्याने बुडणाऱ्याच्या गळ्यात हात टाकावा, तसा हा प्रकार. नैराश्यात माणसाला एकच वाट दिसते. पण ती तीव्र अवस्था पुष्कळदा काही तासांत किंवा दिवसांत ओसरते. नेमक्या त्या वेळी थांबविणारा कोणी हवा. तिथे ढकलणारे भेटतात.

यावर पालकांचा पहिला उपाय म्हणजे मोबाइल हिसकावणे. माझ्या मते हा उपचार नव्हे. आपल्या उपनगरांत वडील रात्री नऊच्या लोकलने घामाघूम होऊन बोरिवलीला वा मुलुंडला उतरतात, आईही नोकरीवरून नुकतीच आलेली असते. मूल शाळा आणि क्लास उरकून एकटे बसलेले. त्याचे ऐकणारा एकच उरला होता, तोही काढून घेतला तर मूल बोलू लागत नाही, लपवायला शिकते.

दवाखान्यात अशी मुले ‘मी निराश आहे’ असे सांगत येत नाहीत. डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणे, अशा तक्रारी घेऊन येतात. मित्र तुटणे, रात्र रात्र जागणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलणे, ही लक्षणे दिसली तर शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा : ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मन मोकळे होते. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे व्याख्यान मात्र टाळा. उत्तर ‘हो’ आले तर मुलाला एकटे सोडू नका, घरातील औषधे आणि कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती मोफत असून दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येते. मुलांसाठी १०९८, तातडीच्या प्रसंगी ११२. कूपर, शीव, केईएम आणि नायर या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पोलिसांच्या भीतीने प्रकरण दडवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यावयाचे असतात.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी स्वतःच अशा गटात रात्री काढत असेल, तर त्याला एवढेच सांगतो : तिथे तुझे दुःख खोटे ठरवत नाहीत, म्हणून तू जातोस, हे मला समजते. आम्हीही ते खोटे ठरविणार नाही. आज रात्री तो गट उघडण्याआधी १४४१६ फिरव, किंवा घरातल्या एकाला उठव. झोपमोड झाली म्हणून कोणी रागावणार नाही.