बोर्ड परक्याचे, पाठांतर आपले

व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारला की आपल्याकडील गंभीर मंडळी नाक मुरडतात. तरुणांनी जुन्या टीव्ही गेमसाठी सर्किट बोर्ड रचीत बसणे हा रिकामटेकडेपणा होय, असा निकाल ती देऊन मोकळी होतात. परंतु येथे प्रश्न करमणुकीचा नाही. यंत्राच्या पोटातील ज्ञानावर मालकी कोणाची, हा खरा प्रश्न आहे. आणि नांदेड-लातूरच्या मुलांसाठी तो निकडीचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती लक्षात घ्यावी. कॅसेट घालून खेळायचे जुने गेम टीव्हीला २४० रेषांचे संपूर्ण चित्र देत. आजचा सपाट टीव्ही त्याला सम-विषम रेषांचे अर्धचित्र समजतो आणि दोन चित्रे एकमेकांत मिसळू पाहतो. परिणामी चित्र फरकटते व बटण दाबल्यानंतरची हालचाल उशिरा दिसते. फिनलंडच्या मार्कुस हिएनकारी यांनी रचलेला ‘ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर’ यावर साधा उपाय करतो. येणारी प्रत्येक रेष तो अंकांत बदलतो आणि दोन ते पाच वेळा पुन्हा पाठवतो. पूर्ण चित्र साठवण्याची गरजच उरत नाही, म्हणून विलंबही नाही. त्याची आज्ञावली जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली आहे.

मात्र हे बोर्ड युरोपच्या घरांसाठी योग्य आहे. तेथील टीव्हीला स्कार्ट जोडणीतून लाल, हिरवा, निळा असे रंग वेगवेगळे मिळत. आपल्याकडील गेम पिवळ्या पिनेतून किंवा थेट अँटेनाच्या तारेतून चालत. तो संकेत हे बोर्ड मूळ स्वरूपात स्वीकारत नाही. म्हणजे आपल्या गरजेचे बोर्ड हवे असेल, तर त्यात बदल करणे अपरिहार्य आहे. रचना बंदिस्त असती तर गिऱ्हाईक होण्यापलीकडे आपल्या हाती काही नव्हते. ती खुली आहे म्हणूनच लातूरचा विद्यार्थी तिचा सहनिर्माता होऊ शकतो.

असा बदल घडतो याचा पुरावाही आहे. चीनमधून येणारे जीबीएस-८२०० हे स्वस्त बोर्ड हौशी अभ्यासकांनी ‘जीबीएस-कंट्रोल’ ही मुक्त आज्ञावली लिहून व एक छोटा नियंत्रक जोडून पार बदलून टाकले. याच जातीची बोर्डे जुन्या सीएनसी यंत्रांचा मेलेला पडदा बदलण्यासाठीही वापरली जातात. पडदा गेला म्हणून धडधाकट यंत्र भंगारात घालणाऱ्या छोट्या कारखानदाराला यात खेळणे दिसणार नाही.

“चिप तर परदेशीच ना?” असा आक्षेप येईल. तो खरा आहे, पण अपुरा आहे. सरकारने २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. साणंद येथील मायक्रॉनच्या जुळणी व चाचणी प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्राने आणि आणखी २० टक्के गुजरात सरकारने देण्याचे २०२३ मध्ये ठरले. शंभरातले सत्तर रुपये जनतेचे, कारखाना मात्र अमेरिकन कंपनीचा! ज्या अर्थनीतीला हा व्यवहार पोषक वाटतो, तिला तंत्रनिकेतनातील दोन टेबले आणि चार ऑसिलोस्कोप उधळपट्टी वाटतात.

दोष केवळ दिल्लीचा नाही. ‘लातूर पॅटर्न’चा डंका राज्यभर वाजला, नांदेडही त्याच वाटेने शिकवणी वर्गांचे शहर झाले. प्रश्नपत्रिका सोडवण्यात ही मुले कोणाला हार जात नाहीत. पण मंडल संकेत ज्या तारेतून वाहतो ती तार त्यांनी कधी हातात धरली आहे काय? गुण मिळवणारा आणि वस्तू घडवणारा यांत फारकत झाली की बुद्धिमत्ता परगावी मजुरीला जाते.

डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ साली पचमढीत लहान यंत्राचा आग्रह धरला, तेव्हा त्याची टवाळी झाली. आज टेबलावर मावणारे, रचना सर्वांना खुली असलेले यंत्र समोर आहे. जीपीएलची अट सहकाराच्या मूळ तत्त्वाशी जुळते : घ्या, बदला, परंतु बदललेले वाटताना त्याचे ज्ञानही वाटा. सहकारी कारखाने पुढाऱ्यांच्या खिशात गेलेले मराठवाड्याने पाहिले आहेत. या परवान्याखालील आज्ञावली मात्र कोणाला कुलुपात घालता येत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. १९८१ मध्ये स्थापन झालेली नांदेडची श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आणि लातूरचे पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन यांत खुल्या रचनेच्या कार्यशाळा सुरू व्हाव्यात आणि त्या बाहेरच्या टीव्ही दुरुस्ती कारागिरांनाही खुल्या असाव्यात. आराखड्यासाठी आयआयटी मुंबईने सार्वजनिक पैशातून घडवलेले ‘ई-सिम’ विनामूल्य उपलब्ध आहे. सार्वजनिक पैशातून झालेली प्रत्येक रचना सार्वजनिक राहील, असा नियम शासनाने करावा. कार्यकर्त्यांनी ही मागणी महाविद्यालयांच्या दारात नेली पाहिजे. ज्ञान खुले असून ते उचलण्याची साधने गरिबाच्या मुलाला नाकारली गेली, तर ते खुलेपणही सुखवस्तूंचीच मिरास ठरेल.