वैद्यकीय प्रवेश आणि सिरसाळ्याचा विद्यार्थी

४ मे २०२५ रोजी झालेल्या ‘नीट’ परीक्षेस देशभरातून बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सुमारे सव्वा लाख. १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवावयाचे, अचूक उत्तरास चार गुण मिळावयाचे आणि चुकीच्या उत्तरापायी एक गुण गमवावयाचा, हा नियम मुंबईच्या मुलास आणि बीड जिल्ह्यातील, परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या मुलीस एकच आहे. प्रश्नपत्रिकेपुरती ही समता खरी. परंतु त्या तीन तासांमागे दोन वर्षांची तयारी असते, आणि तेथे मात्र समतेचा मागमूस आढळत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. अभ्यासाचे ऐन महिने अशा घरांतील कित्येक मुलांस आईबापांवाचून काढावे लागतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलापुढे अकरावीत विज्ञानाची इंग्रजी पुस्तके येतात. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण दोन वर्षे इंग्रजी परिभाषेत शिकलेल्यास तिचा उपयोग कितीसा व्हावा? मग ज्याची ऐपत आहे तो लातूरची वाट धरतो. खोलीचे भाडे, खाणावळ आणि शिकवणीचे शुल्क यांची बेरीज ज्यास झेपत नाही, त्याची शर्यत आरंभीच संपते. अशा घरांतूनही काही मुले यश मिळवितात, हे खरे. तथापि अपवादाचा सत्कार करून नियमातील अन्याय झाकता येत नाही.

ज्यास ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात, तो मुळात शिकवणीच्या बाजारात जन्मलेला नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतील प्राध्यापकांनी वर्गातील अध्यापनास नित्य सराव-चाचण्यांची जोड दिली, त्यातून तो आकारास आला. आज अनेक ठिकाणी विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयाच्या पटावर आणि देह शिकवणीच्या बाकावर, अशी अवस्था आहे. २०१८ साली राज्य शासनाने कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत बोटाच्या ठशांची हजेरी सक्तीची केली. सक्तीने वर्ग एक वेळ भरेल. तो टिकावयाचा तर तेथे काही पदरात पडले पाहिजे.

हा प्रश्न काही मुलांच्या भवितव्यापुरताच नाही. खेड्यांना डॉक्टर मिळावेत या हेतूने शेजारच्या अंबाजोगाईस १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तरीही २०१९ साली शासकीय समितीने बीडच्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या स्त्रियांची बोली जाणणारा, त्यांचा हंगाम स्वतःच्या घरी सोसलेला डॉक्टर या जिल्ह्यास हवा आहे. प्रवेशाचा मार्ग शुल्काच्या नाक्यावरूनच जाणार असेल, तर असा डॉक्टर यावयाचा कोठून?

आमच्या मते उपाय अवाक्याबाहेरचे नाहीत. ‘नीट’चा अभ्यासक्रम मुख्यतः एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांत सामावलेला आहे, आणि ती पुस्तके महाग नाहीत. उणीव आहे ती शिकविणाऱ्याची. ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयांत भौतिक, रसायन व जीवशास्त्राची एकही जागा रिकामी राहू नये, दर आठवड्यास ‘नीट’च्या धर्तीवर चाचणी व्हावी व चुकलेले प्रश्न वर्गातच समजावून द्यावेत, अकरावीच्या प्रारंभी इंग्रजी परिभाषेची ओळख मराठीतून करून द्यावी, आणि ऊसतोडीच्या हंगामात रात्री उघडी राहील अशी अभ्यासिका गावोगावी असावी. तामिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांतून ‘नीट’ उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशाच्या साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्रानेही अशा तरतुदीचा विचार करावा. मात्र राखीव जागा हा चांगल्या वर्गाचा पर्याय होऊ शकत नाही.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस आपल्या मुलांसाठी शिकवणीचा खर्च कसाबसा का होईना करता येतो. त्यांनीच ही मागणी उचलून धरली पाहिजे. कारण महाविद्यालयाचा वर्ग सुधारला, तर सिरसाळ्याच्या मुलीस वाट मिळेल आणि शहरातील पालकाच्या पाठीवरचे ओझेही उतरेल.